रमाबाईंची वाणी

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर कऱ्हाड हे प्राचीन नगर वसले आहे. त्यास लागूनच, आगाशिवाच्या डोंगराच्या छायेत, मलकापूर आहे. येथून आग्नेयेकडे कृष्णाकाठाने गेले, म्हणजे सागरेश्वराच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे नावाचे एक गाव लागते. आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली याच गावी झाला. त्यांच्या आधी सुमारे अर्धशतक, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावातील कुर्लेकरांच्या घरात एक कन्या जन्मास आली. तिचे नाव यमुना. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे या नावाने साऱ्या हिंदुस्थानास परिचित झाली.

थोर पुरुषांच्या पत्नींची नावे इतिहासात बहुधा पतीच्या नावामागे लपून जातात. पती सभा जिंकतो, ग्रंथ लिहितो, राज्यकर्त्यांशी वाद घालतो. पत्नी घर सांभाळते आणि मूक राहते. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तर त्या काळच्या सार्वजनिक जीवनाचे जणू केंद्रच होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक होते आणि १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. एवढ्या मोठ्या वटवृक्षाच्या सावलीत दुसरे रोप सहसा वाढत नाही. रमाबाई मात्र वाढल्या. जिला अकराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती, ती मुलगी पुढे गव्हर्नरांसमोर इंग्रजीत बोलली आणि पतीच्या निधनानंतर तेवीस वर्षे स्त्रियांच्या हक्कांसाठी निर्भयपणे झटली. ही वाणी तिला कशी लाभली, आणि तिने ती कशासाठी वेचली, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्या काळी मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविण्याची चाल नव्हती. मुलीने हाती लेखणी धरली, तर तिला अकाली वैधव्य येते, अशी भोळी समजूत समाजात खोलवर रुजली होती. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई आणि सासरी तिने मान खाली घालून वागावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली होती. परंतु त्यासाठी त्यांना लोकांचा छळ सोसावा लागला होता. खेडेगावांतील घरांपर्यंत तो प्रकाश अद्याप पोहोचावयाचा होता.

डिसेंबर १८७३ मध्ये यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वधू अकरा वर्षांची, तर वर एकतीस वर्षांचे. रानडे यांची प्रथम पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा ते आता एखाद्या विधवेशीच विवाह करून आपल्या मतांना कृतीची जोड देतील, अशी त्यांच्या सुधारक मित्रांची अपेक्षा होती. त्यांच्या वडिलांना नेमकी हीच भीती वाटत होती. त्यांनी घाईने ही सोयरीक जुळविली आणि वडिलांचा शब्द मोडणे रानडे यांच्याच्याने झाले नाही. याबद्दल लोकांनी त्यांच्यावर पुष्कळ टीका केली. ती टीका निराधार होती, असे म्हणता येणार नाही. परंतु घडलेल्या गोष्टीतून जे चांगले करणे शक्य होते, ते करण्याचा त्यांनी निश्चय केला. विवाहानंतर पुण्यास आल्यावर लगेच त्यांनी आपल्या बालपत्नीच्या हाती पाटी व पेन्सिल दिली आणि तिला मुळाक्षरे गिरवावयास लाविले.

मुलगी सासरी निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला एक उपदेश केला होता. सासरचे घर मोठे आहे, माणसे पुष्कळ आहेत; कोणी काही बोलले तरी सहन कर, पण घरातील कोणाचीही चहाडी पतीजवळ करू नकोस, असा त्याचा आशय होता. रमाबाईंनी हा उपदेश जन्मभर पाळला आणि तो पाळण्याचे प्रसंगही त्यांच्यावर वारंवार आले. रानडे यांच्या घरात वडीलधाऱ्या स्त्रिया अनेक होत्या. घरच्या सुनेने पुस्तक घेऊन बसावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. टोमणे, थट्टा, अबोला यांपैकी कशाचीही कमतरता नव्हती. दिवसभर घरकाम करावे, बोलणी ऐकावीत आणि रात्री पतीजवळ बसून अभ्यास करावा, असा रमाबाईंचा क्रम चालला.

त्या स्त्रियांना केवळ दुष्ट समजणे मात्र योग्य होणार नाही. त्यांतील काहींच्या वाट्यास बालपणीच वैधव्य आले होते. ज्ञानाचे दार त्यांच्यासाठी कधी कोणी उघडलेच नव्हते. जे आपणास मिळाले नाही, ते धाकट्या सुनेस मिळताना पाहून त्यांचे मन दुखावले असेल, तर त्यात नवल नाही. रूढीचे बळ हे असे असते: ज्यांना ती बांधून ठेवते, त्यांच्याच हातून ती इतरांनाही बांधविते. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत हे सर्व प्रसंग त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहेत. परंतु त्यांत कोणाविषयीही कटुता दिसत नाही.

मराठी येऊ लागल्यावर इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. रानडे सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांची बदली निरनिराळ्या गावी होत असे. नाशिक येथे त्यांची बदली झाली, तेव्हा रमाबाईंना वाचनास अधिक अवकाश मिळाला. तेथेच एका शाळेच्या समारंभात त्यांना प्रथमच चारचौघांसमोर बोलण्याचा प्रसंग आला. ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. शब्द दुसऱ्याचे होते. केवळ आवाज त्यांचा होता. परंतु प्रत्येक वक्त्याचा आरंभ बहुधा असाच होतो. पोहावयास शिकणाऱ्याने प्रथम कमरेस भोपळा बांधावा आणि पुढे तो सोडून द्यावा, तशीच ही गोष्ट होय.

रानडे यांना शिकण्याची हौस किती होती, याचा एक गमतीचा प्रसंग रमाबाईंनी सांगितला आहे. सरकारी कामानिमित्त ते काही काळ कलकत्त्यास राहिले होते. तेथे त्यांनी बंगाली भाषा शिकावयास घेतली. दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्यासही ते पुस्तकातील शब्दांचे उच्चार विचारीत. रमाबाईंनी थट्टा केली, की गुरू तर चांगला मिळाला! तेव्हा रानडे यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. ज्याच्याजवळ ज्ञान आहे, त्याच्याकडून ते घेण्यास कमीपणा कसला, हा त्यांचा भाव होता. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मुलीला पतीपुढे तोंड वर करून बोलण्याचीही चोरी होती, ती आता पतीशी बरोबरीच्या नात्याने थट्टा करू शकत होती.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने स्त्रियांच्या उन्नतीसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. घरातील वडीलधाऱ्यांचा रोष त्यामुळे अधिकच वाढला. पण त्यांनी जाणे सोडले नाही. पुढे १८८४ साली पुण्यातील विचारवंतांनी मुलींसाठी माध्यमिक शाळा काढण्याचे ठरविले. त्यासाठी भरलेल्या सभेस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन उपस्थित होते. त्यांच्यापुढे रमाबाईंनी मुलींच्या शिक्षणाची मागणी करणारे निवेदन इंग्रजीत वाचून दाखविले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. भर सभेत, परक्या भाषेत, राज्यकर्त्यापुढे एका घरंदाज सुनेने बोलावे, ही त्या काळी केवढी साहसाची गोष्ट होती! त्याच वर्षी ती शाळा सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे.

सभेत कौतुक झाले. घरी मात्र कठोर शब्दच कानी आले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. येथे त्यांच्या स्वभावाचे मर्म ध्यानात येते. स्वतःला होणाऱ्या त्रासाविषयी त्या मौन पाळीत. परंतु इतर मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे असले, म्हणजे त्या कोणाचीही भीड धरीत नसत. कोणी म्हणेल, की त्यांनी स्वतःसाठीही बोलावयास हवे होते. हे म्हणणे खोटे नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे हा काही सद्गुण नव्हे. परंतु वाणी प्रथम दुसऱ्यांच्या कामी लाविल्यामुळेच त्यांच्या शब्दांस वजन आले, हेही तितकेच खरे.

१८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि हे दांपत्य मुंबईस राहावयास गेले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांच्या सभा भरविल्या. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम इत्यादींचे वर्ग चालविले. पुढे १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या. पतीच्या आधाराने उभी राहिलेली ही वेल आता सुकून जाईल, असेच लोकांना वाटले असावे. विधवेने घराच्या एका कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढावे, अशीच रूढी होती. रमाबाई पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी एकांतात काढले. त्यानंतर मात्र त्या घराबाहेर पडल्या. त्यांच्या जीवनाचा खरा स्वतंत्र भाग येथून सुरू होतो.

त्यांनी प्रथम कोठे जावे? त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. तेथील स्त्री-कैद्यांची त्या विचारपूस करीत, त्यांना चार चांगल्या गोष्टी सांगत आणि त्यांच्या मनातील स्वाभिमान जागा करण्याचा प्रयत्न करीत. सुधारगृहातील मुलांना आणि रुग्णालयातील रोग्यांनाही त्या भेटत. ज्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास कोणीच नव्हते, त्यांच्याजवळ बसून त्यांनी ते ऐकले. उत्तम बोलणाऱ्यास आधी उत्तम ऐकता यावे लागते, हे त्या जाणत होत्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. आता त्यांचे भाषण कोणी लिहून देत नव्हते.

१९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल या समाजसेवकांनी मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली. त्या कार्यात रमाबाईंनी पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि त्यासाठी स्वतःचे राहते घर खुले केले. विधवा, परित्यक्ता आणि गरीब स्त्रिया यांना शिक्षण द्यावे व आपल्या पायांवर उभे करावे, हा त्या संस्थेचा हेतू होता. तेथे लेखन-वाचन, शिवणकाम, हस्तव्यवसाय यांचे वर्ग चालत. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापनाचे शिक्षणही पुढे सुरू झाले.

सेवासदनाने जी सर्वांत धाडसाची गोष्ट केली, ती म्हणजे स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देणे. आज परिचारिकेचा व्यवसाय आपण आदरणीय मानतो. त्या काळी मात्र तो हलका समजला जाई. परक्या रोग्यास स्पर्श करावयाचा, जातीपातीचा विचार न करता त्याची शुश्रूषा करावयाची, रात्रपाळीस घराबाहेर राहावयाचे. कुलीन घरातील स्त्रीने हे करावे, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. रमाबाईंनी या विरोधाची पर्वा केली नाही. सेवासदनातील स्त्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात शिक्षण घेऊ लागल्या. ज्या स्त्रीचे दर्शनही लोक अशुभ मानीत, तीच विधवा रोग्याच्या उशाशी बसून त्याला जीवदान देण्यास साहाय्य करू लागली. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते, ते या एका दृश्याने साधले. आळंदीच्या यात्रेतही सेवासदनाच्या स्त्रिया रमाबाईंबरोबर यात्रेकरूंच्या सेवेसाठी जात असत.

रमाबाईंच्या स्पष्टवक्तेपणाची खरी कसोटी १९२० साली लागली. पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला होता. पैसा अपुरा आहे, तेव्हा ही सक्ती तूर्त मुलग्यांपुरतीच असावी, मुलींचे पुढे पाहता येईल, असे अनेक वजनदार पुढाऱ्यांचे मत होते. रमाबाईंना हे मान्य नव्हते. पंगतीस अन्न कमी पडले, तर सर्वांनीच घास-घास कमी खावा; दर वेळी मुलीनेच उपाशी का उठावे? रमाबाई व त्यांच्या सहकारी यांच्या आग्रहामागील भूमिका ही अशी होती. पुण्याच्या स्त्रिया या मागणीसाठी मिरवणुकीने रस्त्यावर आल्या. एके काळी ज्या शहरात सुनेने पुस्तक वाचणे हा अपराध ठरत होता, त्याच शहरातील स्त्रिया आता मुलींच्या शाळेचा हक्क भर रस्त्यात मागत होत्या.

यापाठोपाठ मताधिकाराची चळवळ आली. आपले राज्य कोणी चालवावे, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे मताधिकार. त्या काळी तो बहुतेक देशांत केवळ पुरुषांनाच होता. न्यूझीलंडमध्ये १८९३ साली, ब्रिटनमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना, तर अमेरिकेत १९२० साली स्त्रियांना तो देशभर मिळाला. मुंबई इलाख्यातील या चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या स्त्रियांत रमाबाई अग्रभागी होत्या. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव संमत केला. हा अधिकार प्रथम मालमत्ता अथवा कर यांच्या अटी पूर्ण करणाऱ्या थोड्याच स्त्रियांना मिळाला, ही गोष्ट खरी. परंतु बंद दरवाजा एकदा किलकिला झाला, म्हणजे तो पुरता उघडण्यास वेळ लागत नाही. १९५० साली अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास समान मताधिकार दिला.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून आहे. त्या पुस्तकात त्यांनी पतीविषयी अपार भक्ती व्यक्त केली आहे. परंतु संसारातील अवघड प्रसंग झाकून ठेवलेले नाहीत. जन्मभर जे मौन पाळले, ते त्यांनी येथे सोडले. पण कोणास दुखविण्यासाठी नव्हे, तर पुढच्या मुलींना सत्य कळावे, यासाठी.

व्यक्तीचे स्मारक केवळ पुतळ्यात किंवा तिकिटात नसते. मलकापुरात आज मोठे रुग्णालय आहे. कृष्णाकाठच्या खेड्यापाड्यांतील मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन अशा रुग्णालयांत सेवा करतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. मलकापुरातही स्त्री-सदस्य सभागृहात उभ्या राहून पाणी, रस्ते, शाळा यांविषयी आपले मत मांडतात. त्यांपैकी अनेकींना देवराष्ट्र्याच्या त्या मुलीचे नावही कदाचित ठाऊक नसेल. तथापि त्या ज्या वाटेने चालतात, ती वाट तयार करणाऱ्यांत तिचे हात होते.

रमाबाईंना पहिले अक्षर पतीने शिकविले, पहिले भाषणही पतीनेच लिहून दिले. हे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. परंतु मिळालेले धन पेटीत ठेवणारा वेगळा आणि ते गावासाठी विहीर खणण्यात वेचणारा वेगळा. रमाबाईंनी आपल्याला लाभलेले अक्षर आणि वाणी अशा रीतीने वेचली, की ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती त्यांना ती मिळावी. आज शाळेत निर्भयपणे हात वर करून प्रश्न विचारणारी प्रत्येक मुलगी त्याच विहिरीचे पाणी पीत असते.